सात नंबरचा सांधा: नॅरोगेज रुळाच्या कामाची वही

जागा: तात्यांचा मळा, तालुका कवठे महांकाळ, जिल्हा सांगली. शिकण्यासाठी टाकलेल्या रुळाची लांबी २३४ मीटर. गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, ७६२ मिलिमीटर (अडीच फूट). ९ मीटरच्या रुळांच्या २६ जोड्या, सांधे २५. विहिरीकडच्या टोकाला शून्य, सांध्यांचे नंबर तिथून पुढे.

सांधा किती बसलाय, म्हणजे खाली खचलाय, ते मोजायची रीत कायम एकच ठेवायची. सांध्याच्या दोन्ही बाजूंना दीड-दीड मीटरवर रुळाच्या माथ्यावर सारख्या जाडीचे ठोकळे, त्यांवर ताणलेली दोरी, आणि मध्ये पोलादी पट्टी. आकडे आमच्या निवृत्त रेल्वे कामगार अण्णांच्या सवयीप्रमाणे सुतात लिहिते. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिलिमीटरहून किंचित जास्त.

१७ नोव्हेंबर २०२४, रविवार

दिवाळीनंतर पहिल्यांदाच नऊ जण जमले. छाटणीची घाई ओसरली असली तरी बागांवर फवारण्या चालू आहेत, म्हणून सकाळी सात ते अकरा एवढाच वेळ मिळाला. आय.टी.आय.ची तीन पोरं, बेदाणा शेडवरचे दोन मामा, माझ्या शाळेतले शिपाईकाका, तात्या, अण्णा आणि मी.

आज पूर्ण लांबीचं गेज घेतलं. शून्यापासून १२० मीटरपर्यंत ७६० ते ७६५ च्या आत आहे. वळणावर १४८ मीटरला ७७१ निघालं. तिथला डॉग स्पाइक, म्हणजे रूळ स्लीपरला धरून ठेवणारा मोठा खिळा, बोटाने हलत होता. लाकडी स्लीपरचं भोक एकदा मोठं झालं की त्याच भोकात स्पाइक पुन्हा ठोकून काही होत नाही. डांबरात बुडवलेली लाकडी खुंटी ठोकली, माथा तासला, नवं भोक पाडलं आणि मग स्पाइक बसवला. असे चार झाले.

सात नंबरचा सांधा एक सूत बसलाय. बाकी सगळे अर्ध्या सुताच्या आत.

नवीन आलेल्या पोरांनी विचारलं की एवढं कशासाठी, म्हणून इथे लिहून ठेवते. ‘बार्शी लाइट’ या नॅरोगेज रेल्वेची गाडी आमच्या तालुक्यातून जायची. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरने ही लाइन उभी केली. बार्शी रोड म्हणजे आजचं कुर्डुवाडी, तिथून बार्शीपर्यंतचा पहिला तुकडा १८९७ मध्ये सुरू झाला, १९०६ मध्ये रूळ पंढरपूरला पोचला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला. कॅलथ्रॉपने एक नियम घालून घेतला होता. इंजिन असो, डबा असो की वाघीण (मालडबा), कुठल्याही आसावर ५ टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही. भार असा वाटला की रूळ हलका चालतो, आणि रूळ हलका म्हणजे लाइन स्वस्त. त्याने सुरुवातीला वाराला ३० पौंडाचे रूळ टाकले होते. आमचे भंगारातून घेतलेले रूळही मीटरला १५ किलोच्या आसपास भरतात, म्हणजे त्याच वजनाचे. ९ मीटरचा एक रूळ साधारण १३४ किलो. सहा माणसं चिमट्यांनी उचलतात.

माझे वडील या लाइनवर गँगमन होते आणि अण्णा त्यांच्याच गँगेत चावीवाले, म्हणजे रूळ स्लीपरला घट्ट धरणाऱ्या लोखंडी पाचरी (चाव्या) ठोकत लाइन तपासणारे. मिरज ते पंढरपूर ब्रॉडगेज झालं, छोटी गाडी गेली, ते काम ज्या हातांना येत होतं ते हात एकेक करून चालले. अण्णांचं वय आता ७८ आहे. ते शिकवू शकतात तोवर शिकून घ्यायचं, म्हणून हा रूळ. चालू रेल्वेलाइनवर आम्ही पाऊल ठेवत नाही, कुणी ठेवूही नये. जे करायचं ते या मळ्यात.

२४ नोव्हेंबर

फिशप्लेटा, म्हणजे सांध्यावर दोन रूळ जोडणाऱ्या लोखंडी पट्ट्या, उघडल्या, तारेच्या ब्रशने घासल्या, ग्रॅफाइट आणि तेल लावून परत बसवल्या. हे काम थंडीतच उरकायचं असतं. उन्हाळ्यात रूळ दाबात असतात, तेव्हा सांधे उघडायचे नाहीत. आज आठ सांधे झाले. पाच नंबरवर एका बोल्टाचे आटे गेले होते, तो बदलला.

१ डिसेंबर

उरलेल्यांतले दहा सांधे झाले. माणसं कमी.

१५ डिसेंबर

सात नंबर दोन सूत. नोव्हेंबरात एक होता. खडीची वाघीण त्यावरून गेली की डावीकडचा रूळ दबतो आणि ‘ठक्’ असा आवाज येतो. शेजारचे सहा आणि आठ नंबर जागच्या जागी आहेत.

२२ डिसेंबर

सात नंबरचं पॅकिंग केलं, म्हणजे स्लीपरखाली खडी ठासली. आज पोरांना बीटर धरायला शिकवलं आणि मीही नव्याने शिकले, म्हणून सविस्तर लिहिते.

बीटर म्हणजे टिकावासारखंच अवजार. एक टोक अणकुचीदार, दुसरं बोथट, टी आकाराचं. बोथट टोकाने खडी स्लीपरच्या पोटाखाली सारायची. एका स्लीपरला चार माणसं लागतात, दोन या रुळाशी, दोन त्या रुळाशी. एकाच रुळापाशी दोघं स्लीपरच्या दोन अंगांना उभे राहून एका तालात मारतात. ताल चुकला की एकाची खडी दुसऱ्याच्या बाजूने बाहेर पडते. आधी पहारीने रूळ उचलून लेव्हलला आणायचा, बसेल या हिशोबाने अर्धा सूत जास्तच उचलायचा, मग मारायला घ्यायचं.

आमची नेहमीची चूक अण्णांनी पुन्हा दाखवली. आम्ही स्लीपरच्या मध्यापर्यंत खडी ठासत होतो. त्यांनी काठी आडवी धरून थांबवलं. “मधी मारू नगा. मधी घट्ट झालं की स्लीपर तराजूसारखं झुलतंय. रुळाच्या आल्याड-पल्याड हातभर मारा, पोट मोकळं सोडा.” मग एका स्लीपरवर मुद्दाम मध्ये खडी ठासून त्यांनी एका टोकावर पाय दिला, तर दुसरं टोक वर उचललं. पोरांना परत सांगावं लागलं नाही.

माझ्या हातातला बीटर वडिलांचा होता. दांडा दोनदा बदललाय, पातं तेच. त्याचं बोथट टोक एका कडेला जास्त झिजलंय, कारण वडील डावखुरे होते. उजव्या हाताने मारताना तो दर वेळी किंचित वळतो. अण्णांनी तो हातात घेतला, अंगठा त्या झिजलेल्या कडेवरून फिरवला आणि काही न बोलता परत दिला.

पॅकिंगनंतर सात नंबर: शून्य.

५ जानेवारी २०२५

सात नंबर शून्यावर टिकलाय. बरं वाटलं.

आज वळण. १३० ते १९० मीटर, त्रिज्या ६० मीटर. नुसत्या डोळ्याला वळण गोल दिसतं, पण ट्रॉली १६० मीटरपाशी झटका देते. ६ मीटर लांबीची दोरी बाहेरच्या रुळाच्या आतल्या कडेला दोन टोकांनी टेकवली आणि तिच्या बरोबर मध्यावर रुळापासूनचं अंतर घेतलं. दर ३ मीटरवर एक माप. त्रिज्या ६० असेल तर हे अंतर ७५ मिलिमीटर यायला हवं. दोरीच्या लांबीचा वर्ग करायचा, १२५ ने गुणायचं, त्रिज्येने भागायचं. ३६ गुणिले १२५ भागिले ६०.

झटक्याच्या जागेभोवतीची पाच मापं आली ६८, ७४, ९१, ७७, ६६. बेरीज ३७६. पाच वेळा ७५ म्हणजे ३७५. माझ्या दहावीच्या मुलांना मी हे फळ्यावर दाखवलं असतं तर कुणाच्या लक्षातही राहिलं नसतं, पण इथे रुळावर ते समोर पडलेलं असतं. वळणाची दोन्ही टोकं पक्की असतील तर बेरीज बदलत नाही. एका जागी जास्त झालंय ते दुसऱ्या कुठल्यातरी जागेचं कमी करूनच. तीव्र जागा १६ मिलिमीटर आत घेतली तर तिथलं माप १६ ने उतरतं आणि शेजारची दोन्ही ८-८ ने चढतात. मग ती वाढ पुढे-पुढे वाटत न्यायची. कागदावर चार फेऱ्यांत ७२ ते ७८ च्या आत आलं.

अण्णांनी आमचा कागद पाहिला नाही. गुडघ्यावर बसले, गाल जवळजवळ रुळाला टेकवला, एक डोळा मिटला आणि हाताने खूण केली, इथे आत, तिथे थोडं बाहेर. पहारी लावून आठ जणांनी “जोर लगा के” म्हणत रूळ सरकवला. त्यांच्या खुणा आणि माझा कागद फक्त एका जागी जुळले नाहीत. तिथे कागदाप्रमाणे केलं, पुन्हा मोजलं, ७६ आलं. अण्णा म्हणाले, “डोळं आता थकल्यात. तुझा कागूद बरोबर हाय.” त्यांनी हे जितक्या मोकळेपणाने म्हटलं, तसं मला वर्गात कधी म्हणता येईल का, हा विचार दिवसभर राहिला.

१२ जानेवारी

सात नंबर शून्य. तीन कुजलेले स्लीपर बदलले. आमचे स्लीपर ब्रॉडगेजचे जुने लाकडी स्लीपर अर्धे कापून केलेत. अडीच फुटी रुळाच्या रीतसर मापापेक्षा ते थोडे आखूड आहेत, पण आमच्या वजनाला पुरतात.

२ फेब्रुवारी

सात नंबर पुन्हा दोन सूत. पॅकिंग. आज पाचच जण. द्राक्षांची काढणी सुरू झालीय, पुढचे दोन महिने असेच जातील.

१६ फेब्रुवारी

सात नंबर दीड सूत. तिघांनी जमेल तसं मारलं. नीट झालेलं नाही.

२ मार्च

सात नंबर तीन सूत, आणि आज नवीन गोष्ट दिसली. स्लीपरच्या कडेने खडीवर राखाडी चिखल आलाय. वाघीण गेली की स्लीपर दबतो, मग उचलतो, आणि पिचकारीसारखं गढूळ पाणी खडीतून वर येतं. आजूबाजूचं रान कोरडं ठाक आहे. पाऊस पडून साडेचार महिने झाले.

मी पॅकिंगला माणसं उभी करत होते, तेवढ्यात अण्णा रागावले. ते सहसा रागावत नाहीत. “पोरी, किती दिस खडी घालणार हायस? ती गिळतीया माती. पाणी कुठनं येतंय ते हुडक आदी.” काळ्या मातीचा स्वभाव इथल्या शेतकऱ्याला सांगायला नको. वाळली की भेगाळते, भिजली की फुगते आणि लोण्यासारखी मऊ होते. वरून भार आला की ती खडीच्या फटींत शिरते, खडीच तिच्यात बुडते, आणि आपण वरून पॅकिंग करत राहतो. वडिलांच्या तोंडी मी ऐकलं होतं, “रूळ खडीवर नसतो, चरावर असतो.” त्याचा अर्थ मला आज कळला.

पण चर काढायचा तर पाणी आधी कळायला हवं. विहीर ६० मीटर लांब आणि तिच्यातलं पाणी रुळाच्या बरंच खाली. ठिबकची मेन लाइन बांधाच्या पलीकडून जाते, ती चालून बघितली, कोरडी आहे. तात्यांचं म्हणणं, खाली जुना झरा असेल. आज वरवर पॅकिंग करून शून्यावर आणलं. वाघीण सांध्यावरून नेणं बंद.

१६ मार्च

सात नंबर शून्य. चिखल वाळून पापुद्रे धरलेत. झरा असता तर असा मध्येच थांबला नसता. काहीच उमगत नाही.

२३ मार्च

पुन्हा दोन सूत, पुन्हा ओल.

चहा घेऊन वहिनी आल्या तेव्हा मी हीच वही उघडून तारखा वाचत बसले होते. डिसेंबरात बसला, जानेवारीत टिकला, फेब्रुवारीत बसला, गेल्या रविवारी टिकला, आज बसला. वहिनी उभ्याउभ्या ऐकत होत्या. म्हणाल्या, “ताई, परत एकदा वाचा बघू.” मी वाचलं. त्या घरात गेल्या आणि त्यांची वही घेऊन आल्या. मोटर कधी चालू केली, कधी बंद केली, लाइट दिवसाची की रात्रीची, हे त्या रोज लिहितात. खालच्या पट्टीतला गहू आणि कडवळ त्याच भिजवतात.

दोन्ही वह्या शेजारी-शेजारी ठेवल्या. २० डिसेंबरला मोटर जळाली. रिवाइंडिंग करून बसवली १४ जानेवारीला, संक्रांतीच्या दिवशी. तेवढ्यातच सांधा टिकला होता. ८ मार्चला विहिरीचं पाणी तळाला गेलं, मोटर बंद. म्हैसाळ योजनेचं पाणी कालव्याला आल्यावर विहीर भरली आणि २० तारखेला मोटर पुन्हा सुरू. म्हणून गेल्या रविवारी कोरडं आणि आज ओल.

“खालच्या पट्टीची पाइपलाइन,” वहिनी म्हणाल्या. “मामांजींनी टाकलेली. ती हितनंच कुठंतरी जाती.” तात्यांच्या आठवणीत ती लाइन चिंचेकडून जात होती, म्हणून रूळ टाकताना कुणी विचारच केला नाही. वहिनींनी मोटर चालू करायला लावली. आम्ही सांध्यापाशी बसलो. अकरा मिनिटांनी स्लीपरच्या कडेची माती काळी पडायला लागली.

चार महिने मी आकडे लिहीत होते, पण माझ्या वहीत फक्त रूळ होता. वहिनींच्या वहीशिवाय ती निम्मीच होती. आजपासून मोटरच्या तारखा इथेही लिहायच्या, आणि वहिनी आमच्या कामावरच्या माणसांत धरायच्या. त्यांनी होकार दिलाय, अट एकच, रविवारी सकाळी आठच्या आधी नाही.

३० मार्च

पाडवा. काम नाही. मोटर बंद ठेवलीय, वहिनींनी ठिबकवरून वेगळी नळी ओढून गव्हाला शेवटचं पाणी दिलं.

५ एप्रिल, शनिवार

उद्या रामनवमी, म्हणून आज. सहा ते आठ नंबरमधले रूळ उकलले, स्लीपर बाजूला रचले, खडी चाळून वेगळी केली. निम्मी खडी मातीत गेलेली. जिथे २५ सेंटिमीटर घातली होती, तिथे स्वच्छ खडी जेमतेम १० सेंटिमीटर उरली होती, खाली सगळा काला.

अडीच फुटांवर पाइप सापडला. तीन इंची पीव्हीसी, आणि सांधा बरोबर आमच्या सांध्याखाली. कॉलरला सोल्युशन नीट लागलेलं नव्हतं, बोटभर फट. वीस वर्षं थोडं थोडं झिरपत असेल. आधी ते पाणी मातीत जिरून जायचं, आम्ही वरून भार टाकला तेव्हा उघडं पडलं.

रेल्वेत रुळाखालून पाइप न्यायचा तर तो मोठ्या पाइपाच्या आतून नेतात. आतला फुटला तरी पाणी बाहेरच्या पाइपातून रुळाच्या पल्याड निघून जातं, आणि दुरुस्तीला रूळ उकलावा लागत नाही, आतला ओढून काढता येतो. तसंच केलं. सहा इंची लोखंडी पाइप, रुळाच्या दोन्ही बाजूंना दीड-दीड मीटर बाहेर काढलेला, उताराकडे किंचित कललेला. आत नवा तीन इंची अखंड तुकडा, रुळाखाली एकही सांधा नाही. भिजलेली काळी माती दोन फूट खोल काढून टाकली. तिच्या जागी मुरूम, सहा-सहा इंचांचे थर, प्रत्येक थर पाणी मारून धुमसाने ठोकलेला. दोन ब्रास मुरूम गेला. अंधार पडेपर्यंत मुरूमच झाला. हातांना फोड आलेत, लिहिणं कठीण जातंय.

१३ एप्रिल

खडी पसरली, स्लीपर टाकले, रूळ जोडले. सकाळी साडेसहाला सुरू केलं ते मुद्दाम.

सांध्यात फट किती सोडायची यावर आय.टी.आय.च्या पोरांशी बोलणं झालं. एक मीटर पोलाद एका अंशाला साधारण ०.०११५ मिलिमीटर वाढतं. ९ मीटरचा रूळ थंडीतल्या पहाटेच्या १५ अंशांपासून एप्रिलच्या दुपारच्या ६० अंशांपर्यंत साडेचार मिलिमीटरहून जास्त लांबतो. फट सोडलीच नाही तर दुपारी रूळ एकमेकांना ढकलतात आणि सगळी लाइन कुठेतरी बाजूला फुगते. सकाळी रूळ २७ अंश होता. ४ मिलिमीटरच्या पत्र्याच्या चकत्या फटीत घालून बोल्ट आवळले, मग चकत्या काढल्या. दुपारी दोनला जाऊन पाहिलं, रूळ ५८ अंश, फट मिलिमीटरहून कमी. ती मिटताना दिसत नाही, पण सकाळ-दुपार मोजली की रूळ जिवंत असल्यासारखा वाटतो.

जेवताना पाण्याचा विषय निघाला. नऊ वर्षांपूर्वी याच दिवसांत, ११ एप्रिल २०१६ ला, मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला निघाली होती. ‘जलदूत’. १० वाघिणी, प्रत्येकीत ५० हजार लिटर, मिळून ५ लाख लिटर. पुढे ५० वाघिणींची गाडी जाऊ लागली. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, लातूर, म्हणजे छोट्या गाडीचीच वाट. एक पोरगा म्हणाला, नॅरोगेज ठेवायलाच हवी होती. मी त्याला हिशोब करायला लावला. ५० हजार लिटर म्हणजे नुसतं पाणीच ५० टन. कॅलथ्रॉपच्या नियमाने चार आसांची अख्खी वाघीण मालासकट २० टनांची. ब्रॉडगेज झालं नसतं तर लातूरला असं पाणी पोचलंच नसतं. अण्णा त्या वेळी निवृत्त होते, तरी गाडी बघायला फाटकापाशी जाऊन उभे राहिले होते. म्हणाले, “आमी रोज चावी ठोकत गेलो त्या वाटंनं पानी गेलं. डोळं भरलं.”

छोटी गाडी गेली याचं दुःख आम्हाला आहे, पण ती जायला नको होती असं आमच्यातलं कुणी म्हणत नाही. हे नव्याने येणाऱ्यांना आधीच सांगायला हवं.

सात नंबर: उचलून ठेवलाय, वर अर्धा सूत. बसेल.

२७ एप्रिल

वाघीण भरून सात नंबरवरून वीस फेऱ्या. साडेतीन टनांच्या आसपास भार. खाली अर्धा सूत. नव्या मुरुमाचं बसणं, एवढं धरलेलंच होतं. मोटर पंधरा दिवस चालू आहे. ओल नाही. लोखंडी पाइपाचं तोंडही कोरडं.

२५ मे

पाऊस यंदा फार लवकर. मान्सून आजच कोकणात पोचल्याची बातमी आहे, आणि आमच्याकडे तर गेल्या आठवड्यापासून रोज कोसळतोय. बाजूचा चर आम्ही जूनच्या पहिल्या आठवड्यात काढणार होतो, तो राहून गेला. काल संध्याकाळी रुळाच्या वरच्या अंगाला घोट्याएवढं पाणी तुंबलं होतं. आज सकाळी सहा जणांनी चिखलातच ३० मीटर चर मारला, उतार ओढ्याकडे. चर फुटल्याबरोबर पाणी निघालं. पुढच्या वर्षी हे काम एप्रिलमध्ये, पाऊस कधीही येवो.

सात नंबर अर्धा सूत. हलला नाही.

१५ जून

आज वहिनींनी सांध्यांची मापं घेतली, मी लिहिली. त्यांचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे. सात नंबर अर्धा सूत. वळणावर १५४ मीटरला एक स्पाइक सैल, खुंटी ठोकून बसवला.

६ जुलै, आषाढी एकादशी

मोठं काम ठेवलं नव्हतं, पण सकाळी सगळे आपणहून आले. आषाढीला छोटी गाडी पंढरपूरकडे कशी जायची ते अण्णा सांगत होते. डब्यात जागा नाही, टपावर माणसं, आणि चढावर इंजिन दमलं की लोक उतरून बाजूने चालायचे. त्या आठवड्यात चावीवाल्याला उसंत नसायची. दिवसाच्या दोन फेऱ्या, हातात हातोडा, पाना, लाल झेंडी. चावी ठोकली की वाजते. घट्ट असेल तर खणखणीत, सैल असेल तर बद्द. अंधारातही कानाने कळायचं.

आमच्या लाकडी स्लीपरांना चाव्या नाहीत. म्हणून अण्णांनी सात नंबरच्या फिशप्लेटवर हातोडा मारला, चारही बोल्टांजवळ एकेक. पोरांना डोळे मिटून ऐकायला सांगितलं. मग बारा नंबरवर नेलं आणि तसंच मारलं. तिसऱ्या ठोक्याला शिपाईकाका म्हणाले, “ह्यो बद्द वाजला.” पाना लावला, बोल्ट अर्धा फेरा फिरला.

दोरी लावून बघितलं. सात नंबर अर्धा सूत. बारा नंबर एक सूत, जूनमध्ये तो शून्य होता. वहिनींना विचारलं, बारा नंबरखालून पाइप जात नाही, दोन वेळा विचारलं. पुढच्या रविवारी वरच्या अंगाचा चर तिथवर वाढवायचा, आणि खडी उकरून आत ओल आहे का ते आधी बघायचं. तोवर पॅकिंग नाही.